विदर्भाच्या अंगणात पिवळा झुडुपी गुलाब : जमीन, खुंट, पान आणि छाटणी

काळीमाती

घरापुढच्या अंगणात किंवा परसात पिवळ्या गुलाबाची एक-दोन झुडपं लावू इच्छिणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबाचा विषय इथे नको. चारी बाजूंनी पसरणारं, घोसाने फुलणारं, छातीइतकं उंच झुडूप डोळ्यांसमोर ठेवून बोलूया.

लाल-गुलाबी गुलाब चांगला येतो म्हणून पिवळाही तसाच येईल, हे गृहीत धरू नका. आजच्या गर्द पिवळ्या गुलाबांना रंग मिळाला तो बहुतांशी रोझा फोटिडा या पश्चिम आशियाई रानगुलाबाकडून. फ्रान्सच्या लिआँ शहरातले जोसेफ पेर्ने-ड्युशे यांनी त्याच्या भरगच्च पाकळ्यांच्या 'पर्शियन यलो' प्रकाराशी संकर करून १९०० साली 'सोलेय द'ओर' हा वाण आणला, आणि तिथून पिवळ्या बागगुलाबांची रांग लागली. रंगाबरोबर दोन खोडीही आल्या. पान काळ्या ठिपक्याच्या रोगाला लवकर बळी पडतं आणि फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते. पुढच्या पैदासकारांनी यातलं बरंच निस्तरलं, तरी मूळ स्वभाव पुरता गेलेला नाही. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत पान दिवसचे दिवस ओलं राहतं. त्यामुळे इथला सगळा खेळ जून ते सप्टेंबर पान झाडावर टिकवण्याचा आहे. पान टिकलं तर दिवाळीनंतर फुलं आपोआप येतात. पानं झडून झाड ऑक्टोबरमध्ये उघडं पडलं, तर नंतर कितीही खत घाला, झाड फार तर जगेल.

वाणांबद्दल माझं मत असं. 'ग्रॅहम थॉमस' (डेव्हिड ऑस्टिन, १९८३) रंगाला अप्रतिम, पण आपल्या उष्णतेत त्याच्या काठ्या सात-आठ फूट सुटतात आणि फुलाच्या पाकळ्या लवकर गळतात. जागा मोठी असेल आणि फांद्या आडव्या बांधायची तयारी असेल तरच घ्या. 'गोल्डन सेलिब्रेशन'चं फूल जड असतं, मान खाली घालतं, पण सुवास भरपूर. लहान अंगणाला 'ज्युलिया चाइल्ड' उत्तम: तीन फुटांच्या आसपास राहतं, लोण्यासारखा पिवळा रंग, पान चकचकीत आणि पिवळ्यांमध्ये त्यातल्या त्यात निरोगी. 'लेडी हिलिंग्डन' हा १९१० सालचा जुना टी-गुलाब जर्दाळू छटेचा पिवळा आहे, उष्णता छान सोसतो, मात्र त्याला खोल छाटणी मानवत नाही. 'लॅन्डोरा' आणि 'गोल्ड मेडल' रोपवाटिकांत सहज मिळतात, पण ते सरळ उभे वाढणारे आहेत, झुडुपी नव्हेत. रोझा ह्युगोनिससारखे थंड मुलखातले रानपिवळे गुलाब चित्रात बघून मागवू नका. त्यांना लागणारी कडाक्याची थंडी आपल्याकडे पडत नाही.

जागा घराच्या पूर्वेला. सकाळपासून दुपारी बारा-एकपर्यंत ऊन आणि नंतर घराची सावली. टिनाच्या शेडपासून आणि पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीपासून लांब ठेवा, मे महिन्यात तिथली झळ फांद्यांची साल भाजते. कडुलिंबाखाली तर मुळीच नको, त्याची मुळं सगळं पाणी ओढून घेतात.

जमीन, खुंट (ज्या जंगली गुलाबाच्या मुळांवर हवा तो वाण बांधतात तो), छाटणी, फवारणी यांवर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पोयटा

धागा चांगला काढलात. जमिनीचं मी लिहितो.

"दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. मुरमाड किंवा हलक्या जमिनीत तो बरोबर आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याच्या भारी काळ्या जमिनीत तोच खड्डा झाडाचा घात करतो. खड्ड्यात आपण भुसभुशीत मिश्रण भरतो, पण त्याच्या चारी भिंती चिकण काळ्या मातीच्या राहतात. पावसाचं पाणी मिश्रणात झरझर उतरतं आणि तळाशी अडतं. जुलैच्या झडीत आठ-दहा दिवस मुळं पाण्यात बुडून गुदमरतात. वरून पानं पिवळी पडतात, लोकांना वाटतं खत कमी पडलं, मग युरिया टाकतात आणि झाड जातं.

म्हणून काळ्या जमिनीत वर चढा. चार-पाच फूट व्यासाचा, दीड फूट उंचीचा उंचवटा करा. कडेला विटा किंवा दगड लावले तर माती वाहून जात नाही. खालची जमीन फक्त कुदळीने वीतभर खणून मोकळी करा, खड्डा करू नका. उंचवट्यासाठी निम्मा भाग नदी-नाल्याचा पोयटा किंवा हलकी तांबूस माती, पाव भाग तीच काळी माती, पाव भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. त्यात झाडामागे अर्धा किलो निंबोळी पेंड आणि १५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. हे सगळं मे महिन्यात रचून ठेवा म्हणजे पहिल्या दोन-तीन पावसांनी बसतं. बसल्यावर चार बोटं खाली जाईल हे धरूनच उंची ठेवा.

काळ्या मातीत थोडी रेती मिसळू नका. रेती निम्म्याहून जास्त असेल तरच माती मोकळी होते. पाटीभर रेतीने ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते.

शेणखत कच्चं असेल तर त्यासोबत हुमणी येते. खत चाळून बघा, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा. उन्हात पातळ पसरलं की कोंबड्या हे काम चोख करतात.

पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाच्या बांधाजवळ लावणार असाल तर जमीन सहसा आम्लधर्मी ते मध्यम असते. तिथे चुनखडीचा त्रास कमी, निचऱ्याचा तसाच. उंचवटा तिथेही हवाच.

शिवारपाणी

पोयटाभाऊ, खारपाणपट्ट्याचं काय? आमच्या दर्यापूर भागात बोअरचं पानी खारं हाये. जिप्सम टाकाव काय? आन गंधक टाकलं तर सामू (जमिनीचा पीएच) खाली येते, असं बी आयकलं.

पोयटा

शिवारपाणी, जिप्सम आणि गंधक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जमिनीत सोडियम जास्त असतं. त्याने मातीचे कण सुटे होतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, म्हणून तिथे जिप्समचा उपयोग आहे. पण सुटलेलं सोडियम गोड्या पाण्याने खाली धुऊन जायला हवं, म्हणजे निचरा पाहिजेच. पावसाळ्याच्या तोंडाला टाका, म्हणजे धुण्याचं काम पाऊस करतो. इतर भागातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियम आधीच ढिगाने आहे, तिथे जिप्समने काही साधत नाही.

गंधकाचं असं की, चुनखडीच्या जमिनीत त्यापासून तयार झालेलं आम्ल आधी तो चुना खातो. मूठभर मातीवर पांढरं व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर सामू खाली आणण्याचा नाद सोडा, किलोगणिक गंधक घालूनही फरक पडायचा नाही. अशा जमिनीत उंचवट्याची माती बाहेरून आणणं आणि लोह वेगळं देणं हाच मार्ग. लोहाचं कुणीतरी लिहीलच.

खारं पाणी गुलाबाला सोसत नाही. जुन्या पानांच्या कडा करपतात, मग फांदीची टोकं वाळतात. छपराचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून ते याच झाडांना राखून ठेवा. खारं पाणी द्यावंच लागलं तर रोज थोडं-थोडं देऊ नका, त्याने क्षार मुळांपाशी साचतात. चार दिवसांनी पण भरपूर द्या. आणि पोटॅश म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. शक्य असेल तर माती-पाणी दोन्ही कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. लागवडीनंतर पस्तावण्यापेक्षा ते सोपं.

डोळाभरणी

रोप घेताना काय बघायचं ते सांगतो.

आपल्याकडच्या आठवडी बाजारात आणि रस्त्याकडेच्या रोपवाटिकांत येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून किंवा बंगालकडून ट्रकने येतात. मुळांभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. हा गोळा तसाच लावला तर मुळं त्यातून बाहेर पडत नाहीत. भोवती ओल असूनही गोळा आतून कोरडा राहतो, किंवा उलट, पावसात आत पाणी धरून सडतो. रोप आल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा. मग बादलीभर पाण्यात गोळा तासभर भिजवून हलक्या हाताने बाहेरची निम्मी माती सोडवा. सगळी धुवायची असेल तर ती फक्त नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत. उन्हाळ्यात किंवा फुलावर असलेल्या रोपाची मुळं उघडी केली तर ते सावरत नाही.

रोपात खुंटावर हव्या वाणाचा डोळा, म्हणजे नवी फूट येणारा कोंब, बसवलेला असतो. तो कुठे बांधलाय ते बघा. बुंध्याजवळ फांदी वळलेली आणि जराशी फुगीर जागा दिसते, तोच जोड. जोडावरून किमान दोन फांद्या निघालेल्या हव्यात. लावताना जोड मातीच्या दोन बोटं वर ठेवा. युरोपातल्या पुस्तकांत तो मातीखाली गाडायला सांगतात, ते हिमापासून वाचवण्यासाठी. आपल्या पावसात गाडलेला जोड कुजतो.

खुंटावरची जंगली फूट ओळखायची युक्ती "सात पानांची ती जंगली" अशी सांगितली जाते. ती खोटी ठरते, कारण पुष्कळ झुडुपी गुलाबांना सात पर्णिका येतातच. खात्रीचा मार्ग एकच: फूट कुठून निघाली ते माती उकरून बघा. जोडाखालून असेल तर जंगली. खुंट मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा असेल तर आणखी एक खूण मिळते, पानाच्या देठाच्या बुडाशी झालरीसारखे बारीक केस असतात. ही फूट कात्रीने कापू नका, कापलेल्या जागी चार नव्या येतात. निघते तिथून हाताने खाली ओढून उपटा.

लागवड जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर, नाहीतर सरळ नोव्हेंबरमध्ये. मला विचाराल तर नोव्हेंबर. नव्या रोपाला पहिल्याच महिन्यात झडीला तोंड द्यावं लागत नाही. दोन झाडांत पाच फूट अंतर, ज्युलिया चाइल्डला साडेतीन पुरे.

गाळपेर

'पान पिवळं पडलं' एवढ्यावर औषध सांगणं चुकीचं आहे. पिवळं कसं पडलं ते बघा, कारण तिथेच कळतं.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्यागार: हा केवडा, लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं पण झाडाला घेता येत नाही. हिराकस (लोहाचं सल्फेट) जमिनीत टाकून फायदा नाही, तिथेच अडकतं. कृषी केंद्रावर चिलेटेड (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लोह दोन प्रकारचं मिळतं. ईडीटीए प्रकार आपल्या जमिनीच्या सामूला टिकत नाही, फवारणीला चालतो. जमिनीत द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकार मागा. पाण्यात टाकल्यावर गडद लाल होतो. मोठ्या झाडाला ५ ते १० ग्रॅम, पाच लिटर पाण्यात कालवून, संध्याकाळी मुळांशी ओतायचं आणि वर आच्छादन सरकवायचं, कारण उन्हाने ते नासतं. महाग आहे, पण एक-दोन झाडांना वर्षातून दोनदा देणं जमतं. तात्पुरतं हिरवेपण हवं तर लिटरला ३ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, सकाळी लवकर फवारा.

खालची जुनी पानं सगळी फिकट, शिरांसकट: नत्र कमी. खालच्या पानांवर झालरदार कडेचे काळे डाग आणि भोवती पिवळं: काळा ठिपका. पानाच्या मागे बारीक जाळी, वरून धुरकट तांबूस ठिपके, महिना मार्च ते मे: लाल कोळी ही बारीक कीड. माती ओली असूनही पान मलूल, वरची-खालची सगळीच फिकी: मुळं पाण्यात आहेत. या शेवटच्या अवस्थेत काहीही खाऊ घालू नका. उंचवट्याभोवती चर काढून पाणी बाहेर काढा आणि वाट बघा.

डीएपी या स्फुरदाच्या खताबद्दलही बोलायला हवं. घरात कपाशीसाठी आणलेलं पोतं असतं म्हणून मूठ-मूठ गुलाबाला टाकतात. चुनखडीत स्फुरद अडकून बसतो, आणि स्फुरदाचा साठा वाढला की लोह-जस्त आणखी कमी मिळतं. म्हणजे केवडा आपणच वाढवतो. आपल्या जमिनीला अमोनियम सल्फेट चांगलं. छाटणीनंतर झाडामागे २५ ग्रॅम, तीन आठवड्यांनी पुन्हा तेवढंच, सोबत १५ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, घमेलंभर शेणखत.

काळीमाती

गाळपेर, अगदी हेच हवं होतं. डीएपीचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवा.

संत्राबाग

काळ्या ठिपक्याचं पावसाळी वेळापत्रक देतो.

बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं लागतं. ते मातीवरच्या जुन्या पानांतून पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडतात. म्हणून औषधाच्या आधीची कामं अशी: रोहिणीतच झाडाखालचं एकूण एक जुनं पान गोळा करून जाळा. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका. मातीवर तीन-चार इंच कुटार पसरा, सोयाबीनचं किंवा तुरीचं, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. बुंध्याला मात्र ते चिकटू देऊ नका, चार बोटं मोकळी जागा सोडा, नाहीतर उदई लागते. कुटार कुजताना वरच्या थरातलं नत्र ओढतं, म्हणून त्यावर मूठभर अमोनियम सल्फेट भुरभुरा.

पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी, पान कोरडं असताना. मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २.५ ग्रॅम, त्यात स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव) अर्धा मिली. हे औषध पानाच्या बाहेरच राहतं, डाग पडल्यावर मारून उपयोग नाही. दर दहा-बारा दिवसांनी, आणि मोठी झड होऊन गेली की उघडीप मिळताच. डाग दिसू लागले तर एखादी फवारणी हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, लिटरला १ मिली. तेच ते आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारं) औषध पुन्हा पुन्हा मारलं की बुरशीला सवय होते, म्हणून हंगामात तीनपेक्षा जास्त वेळा नको. पानाची मागची बाजू भिजली पाहिजे. पंपाचा नोझल खालून वर धरा.

डागाळलेलं प्रत्येक पान तोडावं का? मी तोडत नाही. एक-दोन डागांचं पान अजून काम करत असतं. पिवळं पडायला लागलं की तोडा.

नोव्हेंबर-जानेवारीत भुरी, म्हणजे पानावर पांढरी पूड दिसणारी बुरशी, येते. पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम. ऊन चढलेल्या दिवसांत गंधक मारू नका, पान भाजतं.

मोगरा

फवारणीचं वाचून एक सांगावंसं वाटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले होते, हे आपण सगळे जाणतो. शेतात वापरायची जहाल कीटकनाशकं अंगणातल्या झाडावर आणूच नका. तिथे लेकरं खेळतात, वाळवण घालतात, तुळस असते. बुरशीनाशक मारतानाही पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं, आणि वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. फुलकिड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून एकूण दहा लिटर करा, त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. आणि फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला किंवा देवाच्या तीर्थात घालू नका.

संत्राबाग

मोगराताई, पूर्ण सहमत. फुलकिड्यांबद्दल जोड देतो. ते पांढऱ्या-पिवळ्या फुलांकडे जास्त ओढले जातात, त्यामुळे पिवळ्या गुलाबाला त्यांचा त्रास लालपेक्षा अधिक. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, कळी उमलतच नाही. शेजारच्या मिरचीच्या वाफ्यातून ते येतात. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला लावा आणि किडलेल्या कळ्या मातीत टाकू नका, पिशवीत बांधून नष्ट करा.

पऱ्हाटी

तणनाशकावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. गुलाब २,४-डी आणि ग्लायफोसेट या दोन्हींना फार नाजूक आहे. बांधावर मारलेलं तणनाशक वाऱ्याने अंगणात येतं. २,४-डीने कोवळे शेंडे पिळवटतात, पानं अरुंद होऊन वळतात. ग्लायफोसेटचा परिणाम कधी कधी महिन्यांनी, पुढच्या फुटीत दिसतो: केरसुणीसारख्या बारीक, फिकट, दाट काड्या. लोक याला विषाणू समजून झाड उपटतात. हलका फटका असेल तर अशी फूट निरोगी लाकडापर्यंत कापा, पाणी नियमित ठेवा, झाड सावरू शकतं. गुलाबासाठी दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवा. ज्या पंपाने तणनाशक मारलं त्याने गुलाबावर काहीही फवारू नका, कितीही धुतला तरी नळीत अंश राहतो.

वानरं कोवळे शेंडे आणि कळ्या ओरबाडून खातात, बकऱ्यांचं तर विचारूच नका. पहिली दोन वर्षं बोरीच्या काट्यांचं कुंपण किंवा जाळीचा पिंजरा लागेलच.

कोजागिरी

आता छाटणी. इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं पडेल.

लांब दांड्याच्या गुलाबाला गुडघ्याखाली छाटतात, तीच पद्धत झुडुपी गुलाबावर वापरली जाते. पिवळ्याला ती सहसा मानवत नाही. जाड लाकूड कापलं की टोकाकडून काळं पडत खाली येतं. झुडुपी पिवळ्याची उंची फक्त एक तृतीयांश कमी करा. लेडी हिलिंग्डनला तर पाव भागच.

वेळ नवरात्र ते कोजागिरीच्या आसपास, पण पंचांगापेक्षा आभाळ बघा. पाऊस थांबून आठ-दहा दिवस कोरडे गेले पाहिजेत. संत्र्याला ताण देतात तसा कडक ताण गुलाबाला देऊ नका. छाटणीआधी भारी जमिनीत आठवडाभर पाणी तोडलं तरी पुरे, पानं लोंबकळता कामा नयेत.

क्रम असा. आधी वाळलेलं सगळं काढा. मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांतली कमजोर एक. मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. एवढं झाल्यावर उंची. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा. कापल्यावर आतला गाभा बघा, पांढरा-हिरवट हवा. तपकिरी दिसला तर आणखी खालच्या डोळ्यावर या. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. पहिली दोन वर्षं मोठी छाटणी करूच नका. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी सगळ्यात जुनी एक काठी बुडापासून काढा, म्हणजे झाड तरुण राहतं.

बोटाएवढ्या जाड कापांना बोर्डो मलम त्याच दिवशी. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरवून मग एकत्र. लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. हे सगळं एक-दोन झाडांना फार होतं, शेजारी संत्र्याची बाग असेल तर त्यांच्या बादलीतून वाटीभर आणा.

छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलं.

काळीमाती

कोजागिरी, ग्रॅहम थॉमसच्या सात-आठ फुटी काठ्यांचं काय करायचं? एक तृतीयांश कापूनही पाच फूट उरतात आणि फूल फक्त टोकाला येतं.

कोजागिरी

कापू नका, वाकवा. काठी उभी असते तेव्हा टोकाचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. आडवी केली की प्रत्येक डोळा जागा होतो आणि पूर्ण लांबीवर वीत-वीत उंचीच्या फुलफांद्या उभ्या राहतात. छाटणीनंतर त्याच वर्षाच्या लवचिक काठ्या एक-एक करून वाकवा, पहिल्या दिवशी निम्म्या, आठवड्याने पूर्ण. दीड-दोन फूट उंचीवर बांबूची आडवी काठी बांधून तिला जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैल बांधा. तार नको, साल कापते. जुनी, करडी झालेली काठी वाकवायला गेलात तर बुडातून चिरते, तिला हात लावू नका. वाकवलेल्या काठीचं टोक वितभर छाटा. अंगणाच्या कडेला कुंपणासारखं करायचं असेल तर याहून सुंदर काही नाही.

गाळपेर

उन्हाळ्याचं राहिलं. फेब्रुवारीत सुकलेली फुलं खालच्या पहिल्या पूर्ण पानापर्यंत कापा, मार्चमध्ये आणखी एक बहर मिळतो. त्यानंतर थांबा. एप्रिल ते जून कळ्या हातानेच खुडून टाका. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर पिवळं फूल अर्ध्या दिवसात पांढुरकं होतं आणि झाडाची शक्ती फुकट जाते. या काळात खत बंद. पश्चिमेकडून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांबूवर, झाडापासून फूटभर दूर. नेट पानांना टेकली तर टेकलेली पानं भाजतात.

पाणी मोठ्या झाडाला मे महिन्यात दर तीन दिवसांनी १५ लिटरच्या आसपास, सकाळी लवकर. ठिबक असेल तर तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर, दोन तास. बुंध्यापासून फूटभर अंतरावर दोन बाजूंना. काळी माती वरून भेगाळली तरी खाली ओल असते, चार बोटं उकरून बघूनच पाणी द्या. लाल कोळी दिसला तर पानाच्या मागच्या बाजूला आठवड्यातून दोनदा पाण्याचा फवारा, सकाळी, म्हणजे पान दुपारपर्यंत सुकतं.

शिवारपाणी

लय उपयोगी माहिती भेटली. एक शेवटचं: एका झाडाची दोन-चार कराची असतीन तर काडीचं कलम लावाव का डोळा भराव?

डोळाभरणी

डोळा. पिवळ्या गुलाबाच्या काड्यांना मुळं फुटण्याचं प्रमाण कमी, आणि फुटली तरी आपल्या चुनखडीत स्वतःच्या मुळांवर झाड बऱ्याचदा केवड्याने रडतं. पावसाळ्यात खुंटासाठी मल्टिफ्लोरा किंवा एडवर्ड या गुलाबाच्या वीतभर काड्या वाफ्यात लावा. डिसेंबर-जानेवारीत त्या पेन्सिलीएवढ्या झाल्या की डोळा भरा. डोळ्याची काडी नुकतंच फूल गळलेल्या फांदीची घ्या, काटा अंगठ्याने आडवा दाबल्यावर सहज निघाला की ती तयार समजा. आदल्या दिवशी खुंटाला भरपूर पाणी द्या, साल सुटते. जमिनीपासून तीन-चार इंचांवर टी आकाराचा छेद, इंचभर उभा. डोळा ढालीच्या आकारात पाऊण इंच काढून आत सरकवा, प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधा, डोळा तेवढा उघडा ठेवा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा असेल तर पट्टी सोडा. खुंटाचा शेंडा लगेच कापू नका, आधी डोळ्याच्या वर अर्धवट चिरून वाकवा, आणि डोळ्यातून वीतभर फूट आली की मग जोडाच्या पाऊण इंच वर कापा. पहिली कळी येईल ती खुडायची. खारपाणपट्ट्यात लावणार असाल तर हे सगळं पिशवीतच करा आणि रोप पुढच्या नोव्हेंबरात उंचवट्यावर हलवा.